गुप्त ज्ञान आणि उघडी मूठ



तथागतांनी काही ज्ञान सर्वसामान्य लोकांपासून राखून ठेवले होते काय, असा प्रश्न अलीकडे आपल्या नवदीक्षित कुटुंबांतून विचारला जाऊ लागला आहे. आमच्या टेंभुर्णीतही तो विचारला जातो. ही टेंभुर्णी जाफ्राबाद तालुक्यातील, जालना जिल्ह्यातील, सोलापूरकडची नव्हे. प्रश्न विचारणारी माणसे प्रामाणिक असतात. कोणी त्यांना सांगितलेले असते की, हिमालयात शेकडो वर्षे जिवंत असलेले महात्मे राहतात आणि बुद्धाची खरी शिकवण त्यांच्याजवळ आहे. मोबाइलवर कोणी तिसऱ्या डोळ्याविषयी बोलतो, कोणी शरीराभोवतीचे तेजोवलय पाहून मागचा जन्म सांगतो, आणि बोलणाऱ्याच्या मागे भिंतीवर मात्र बुद्धाची प्रतिमा असते. ज्या घराने देव्हारा उचलून नदीत सोडला, त्या घरातील सून किंवा मुलगा हे ऐकतो आणि त्याला वाटते की हाही धम्मच असेल.

हा विचार आला कोठून, हे आपण शोधले पाहिजे. तो त्रिपिटकातून आलेला नाही. तो फार मोठ्या प्रमाणात रशियातून आला, आणि भारतात आला तो मुंबईच्या बंदरावर उतरून. रशिया म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना अण्णा भाऊ साठे यांचा १९६१ सालचा प्रवास आठवतो, नाहीतर लोकवाङ्मय गृहाच्या दुकानात स्वस्तात मिळणारी जाड कागदाची पुस्तके आठवतात. यंत्रांचा, कामगारांचा, विज्ञानाचा देश हीच त्याची आपल्या मनातली प्रतिमा. पण त्या प्रतिमेखाली दुसराही एक रशिया होता, आणि तो ध्यानाचा, दृष्टान्तांचा व गूढ साक्षात्कारांचा होता.

त्याची मुळे जुनी आहेत. रशियाने ख्रिस्ती धर्म घेतला तो पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथाचा. त्या पंथाच्या मठांतून श्वासाबरोबर येशूच्या नावाचा अखंड जप करण्याची साधना चालत असे. अंतरातला प्रकाश दिसेपर्यंत मौनात बसावे, असे तिचे सांगणे होते. या साधनेवरील ग्रीक ग्रंथांचा संग्रह १७९३ मध्ये रशियन मठांच्या भाषेत छापला गेला आणि वृद्ध साधूंच्या दर्शनासाठी शेतकऱ्यांपासून सरदारांपर्यंत रांगा लागू लागल्या. त्याच शतकात फ्रीमेसन लोकांच्या बंद दालनांतून पश्चिम युरोपातील गूढवाद्यांची पुस्तके रशियन उमरावांच्या कपाटांत येऊन बसली. एकीकडे मठातला जप, दुसरीकडे उमरावाच्या कपाटातले किमयेचे पुस्तक, अशा दोन प्रवाहांतून एकोणिसाव्या शतकातले रशियन गूढ तत्त्वज्ञान घडले.

तिसरा एक प्रवाह आहे आणि तो आपल्या अधिक जवळचा आहे. रशियाच्या ख्रिस्ती संतांत योआसाफ नावाचा एक राजपुत्र आहे. बापाने त्याला महालात कोंडले, त्याला रोगी, म्हातारा आणि मृत्यू यांचे दर्शन घडले, आणि त्याने राज्य सोडले. कथा ओळखीची वाटते ना? वाटणारच. बोधिसत्त्व या शब्दाचे अरबी व जॉर्जियन लोकांच्या तोंडी रूप बदलत बदलत योआसाफ झाले. सिद्धार्थ गौतमाची कथा प्रवास करीत ख्रिस्ती जगात गेली आणि शेकडो वर्षे रशियन माणूस त्याला ख्रिस्ती संत समजून वंदन करीत राहिला! टॉलस्टॉयने १८७९ च्या सुमारास आपल्या मनातील उलथापालथ लिहिली, तेव्हा विहिरीत लोंबकळणाऱ्या माणसाचा दृष्टान्त वापरला. खाली अजगर, वर श्वापद, हातातली फांदी उंदीर कुरतडताहेत, आणि तो माणूस पानावरचा मध चाटतो आहे. तो दृष्टान्त भारतातला आहे, आणि याच राजपुत्राच्या कथेतून तो युरोपभर गेला. शिवाय व्होल्गा नदीच्या खालच्या तीरावर काल्मुक आणि बैकाल सरोवरापलीकडे बुर्यात हे बौद्ध लोक रशियन साम्राज्यातच राहत होते. म्हणजे रशियाला बुद्ध परका नव्हता. फक्त तो त्याला धूसर दिसला.

या मातीत निरनिराळी माणसे निपजली. व्लादिमीर सोलोव्ह्यॉव्ह हा तत्त्वज्ञ १८५३ ते १९०० या काळात होऊन गेला. दैवी प्रज्ञा स्त्रीरूपात आपल्याला तीनदा दिसली असे तो सांगे. त्यांतले एक दर्शन लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात आणि एक इजिप्तच्या वाळवंटात. त्याच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. निकोलाय फ्योदोरॉव्ह मात्र लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुढे पुन्हा यायचे आहे. आणि या सर्वांत जिचा हात आपल्या महाराष्ट्रापर्यंत पोहोचला, ती म्हणजे हेलेना ब्लॅव्हॅट्स्की.

तिचा जन्म १८३१ सालचा, एकातेरिनोस्लाव गावातला. आज ते शहर द्नीप्रो या नावाने युक्रेनमध्ये आहे. तिचा आजोबा काही काळ काल्मुक लोकांवरचा सरकारी अधिकारी होता, त्यामुळे लहानपणीच तिने बौद्ध लामा पाहिले. पणजोबा फ्रीमेसन होता, आणि त्याच्या ग्रंथसंग्रहातील किमया व जादूटोण्यावरची पुस्तके या मुलीने वाचून काढली. सतराव्या वर्षी लग्न झाले, काही महिन्यांत ती नवऱ्याला सोडून निघाली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे जगभर फिरली. आपण तिबेटात महात्म्यांजवळ राहून शिकलो असे ती सांगे. त्याला पुरावा मिळालेला नाही. १८७५ मध्ये न्यूयॉर्क येथे कर्नल हेन्री ऑल्कॉट व इतरांसह तिने थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन केली. फेब्रुवारी १८७९ मध्ये दोघेही मुंबईस आले आणि गिरगावात बिऱ्हाड करून राहिले. त्याच साली ऑक्टोबरात तेथून ‘थिऑसॉफिस्ट’ हे मासिक सुरू झाले. इंग्रज सरकारने या रशियन बाईवर पोलिसांची पाळत ठेवली, कारण त्या काळी रशिया अफगाणिस्तानातून हिंदुस्थानवर येईल अशी भीती होती. डिसेंबर १८८२ मध्ये सोसायटीचे मुख्य ठाणे मद्रासजवळ अड्यारला हलले. म्हणजे जवळजवळ चार वर्षे या चळवळीचे घर मुंबईत होते.

आता आपण न्यायाने बोलले पाहिजे. या माणसांनी केलेली चांगली कामे खरी आहेत. २५ मे १८८० रोजी सिंहलद्वीपात गाल येथे ब्लॅव्हॅट्स्की आणि ऑल्कॉट यांनी भिक्खूंसमोर त्रिसरण-पंचशील घेतले. गोऱ्या राज्यकर्त्यांच्या वंशातली माणसे जाहीरपणे बुद्धाला शरण गेली, याचा तेथील दबलेल्या बौद्धांवर मोठा परिणाम झाला. ऑल्कॉटने बौद्धांच्या शाळा काढण्यासाठी गावोगाव फिरून निधी जमवला. १८८१ मध्ये त्याने प्रश्नोत्तररूपाने बुद्धाच्या शिकवणीचे छोटे पुस्तक लिहिले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणाचे प्रमुख, महास्थविर हिक्कडुवे सुमंगल यांच्याकडून ते तपासून घेतले. आपल्या विहारावर आणि घरावर जो पंचरंगी धम्मध्वज फडकतो, निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि नारिंगी, तो सिंहलद्वीपातील बौद्धांच्या समितीने १८८५ च्या वैशाख पौर्णिमेला प्रथम उभारला आणि त्याचे माप सुधारण्यात ऑल्कॉटचा हात होता. १९५० मध्ये कँडी येथे जागतिक बौद्ध परिषद भरली, तिला परमपूज्य बाबासाहेब स्वतः उपस्थित होते, आणि तेव्हापासून तो ध्वज सर्व जगातील बौद्धांचा झाला.

याच ऑल्कॉटने १८९४ मध्ये मद्रासेत अस्पृश्य मुलांसाठी मोफत शाळा काढली. १८९८ मध्ये पंडित अयोतीदास त्याला भेटले, अस्पृश्यांनी बुद्धाकडे परतावे असा आपला विचार त्यांनी त्याच्यापुढे ठेवला, आणि त्याच्यासह सिंहलद्वीपात जाऊन सुमंगल महास्थविरांकडून पंचशील घेतले. नागपूरच्या दीक्षाभूमीआधी अठ्ठावन्न वर्षे! हे काम कोणी नाकारू नये. उपकार करणाऱ्याचे मत चुकीचे असले तरी उपकार उपकारच असतो.

मराठी माणसांचे काय झाले, तेही पाहू. तुकाराम तात्या पडवळ हे नाव आपल्या घरांत माहीत असावयास हवे. त्यांनी १८६१ मध्ये ‘जातिभेद विवेकसार’ हे पुस्तक ‘एक हिंदू’ या नावाने छापले. त्याची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी काढली. जातिभेदाला ग्रंथांच्याच आधाराने उघडे पाडणारे ते पुस्तक होय. हेच तुकाराम तात्या पुढे मुंबईच्या थिऑसॉफिस्टांचे एक आधारस्तंभ झाले. धर्मार्थ दवाखाना चालवला, उपनिषदे, योगसूत्रे, गीता यांची पुस्तके स्वस्तात छापली. माणूस उदार होता यात शंका नाही. पण आपल्या चळवळीला त्यांचे जे पुस्तक आजही उपयोगी पडते, ते गूढविद्येच्या वाटेला जाण्यापूर्वीचे आहे.

दुसरे दामोदर मावळणकर. अहमदाबादेत जन्मलेला, कऱ्हाडे ब्राह्मण घरातला, सुखवस्तू बापाचा मुलगा. १८७९ मध्ये बाविसाव्या वर्षी तो सोसायटीत आला, गिरगावच्या बिऱ्हाडात राहू लागला आणि मासिकाचे काम रात्रंदिवस करू लागला. गालच्या त्या प्रवासात तोही होता. त्याने जात सोडली, आणि का सोडली ते १८८० मध्ये मासिकात आपल्या नावानिशी छापले. त्या काळात ब्राह्मण तरुणाने हे करणे म्हणजे घरदार, वारसा, नातीगोती सर्वांवर पाणी सोडणे होते, आणि ते त्याने सोडले. असा मुलगा पुढे काय करू शकला असता! पण त्याला सांगितले गेले होते की खरे गुरू हिमालयापलीकडे आहेत. फेब्रुवारी १८८५ मध्ये तो अड्यारहून निघाला, दार्जिलिंगमार्गे सिक्कीमला पोहोचला, आणि त्यानंतर परत आला नाही. तेव्हा त्याचे वय सत्तावीस वर्षांचे होते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत दुःखाची गोष्ट हीच आहे. ज्या धैर्याने त्याने जानवे सोडले, ते धैर्य बर्फात गेले.

गुरू अदृश्य असले म्हणजे त्यांचे अस्तित्व चमत्काराने सिद्ध करावे लागते. ब्लॅव्हॅट्स्कीच्या भोवती चमत्कारांची रीघ असे. १८८० च्या ऑक्टोबरात सिमल्याला एका वनभोजनात पाहुण्यांपैकी एकाला कप कमी पडला; तिने सांगितलेल्या जागी जमीन खणली आणि तसाच कप व बशी निघाली. महात्म्यांची पत्रे छतातून पडत, कपाटात प्रकट होत. पुढे १८८४ मध्ये बंगल्यावर कामाला असलेल्या एका युरोपियन जोडप्याने या पत्रांमागची सोय काय होती ते जाहीर केले, आणि लंडनच्या एका संशोधन संस्थेने पाठवलेल्या तपासनिसाने १८८५ मध्ये हे सारे बनावट असल्याचा अहवाल दिला. शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच संस्थेच्या एका सभासदाने तो अहवाल एकतर्फी असल्याची टीका केली, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा कप खरा की खोटा हा वाद आपण त्यांच्याकडेच ठेवू. बौद्ध माणसापुढचा प्रश्न वेगळा आहे. समजा, कप खरोखरच जमिनीतून प्रकट झाला. मग काय? त्याने बोलणाऱ्याचे म्हणणे खरे ठरते काय?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे पात्र उंच बांबूवर टांगले आणि ज्याच्या अंगी सिद्धी असेल त्याने ते घ्यावे असे आव्हान दिले. पिंडोल भारद्वाज या भिक्खूने आकाशात उडून ते घेतले आणि नगरात जयजयकार झाला. तथागतांनी त्याचे कौतुक केले नाही. एका लाकडी भांड्यासाठी असले प्रदर्शन केल्याबद्दल त्यांनी त्याला खडसावले, भिक्खूंनी गृहस्थांपुढे चमत्कार दाखवू नयेत असा नियम घातला, आणि ते पात्र फोडून, त्याची पूड करून, डोळ्यांच्या अंजनात सुगंधासाठी घालावयास लावले. नालंदेच्या केवट्ट नावाच्या गृहस्थाने चमत्कारांनी लोक धम्माकडे येतील असे सुचवले, तेव्हाही माणसाला समजावून शिकवणे हाच खरा चमत्कार, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ही कथा ऐकून आपली पोरे विचारतील की, म्हणजे पिंडोल खरेच उडाला होता काय? विचारू द्या. ग्रंथात लिहिले म्हणून ते खरे मानावे असा धम्म नाही; बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अलौकिकावरील विश्वास आणि ग्रंथप्रामाण्य या दोहोंनाही अधम्मात टाकले आहे. कथेतले महत्त्व उडण्याला नाही, पात्राची पूड केली त्याला आहे.

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे येऊ. ज्ञान गुप्त ठेवण्यात गैर काय? डॉक्टर सर्व काही रोग्याला सांगत नाही, बाप सर्व काही लेकराला सांगत नाही. पात्रता पाहून शिकवावे, असे म्हणणारा माणूस दुष्टच असतो असे नाही. १८८३ मध्ये ए. पी. सिनेट या इंग्रज संपादकाने ब्लॅव्हॅट्स्कीच्या महात्म्यांच्या पत्रांवरून ‘गूढ बौद्ध धर्म’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले, आणि सर्वांना मिळणारा बुद्ध हा वरवरचा, आतला बुद्ध निवडक लोकांसाठी, ही कल्पना जगभर पसरली. गंमत अशी की खुद्द ब्लॅव्हॅट्स्कीने १८८८ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात सांगितले की, त्या पुस्तकाच्या नावातील शब्द बुद्धाच्या धर्माविषयी नसून बुद्धी म्हणजे ज्ञान या अर्थाचा घ्यावयास हवा होता. तोवर नाव लोकांच्या तोंडी बसले होते.

पण तुम्ही आणि मी या प्रश्नाकडे इतरांसारखे पाहू शकत नाही. पात्रता पाहून ज्ञान देणारी एक व्यवस्था या देशात दोन हजार वर्षे चालली आणि त्या व्यवस्थेत आपले आजे-पणजे नेहमीच अपात्र ठरले. वेद ऐकू नये, अक्षर शिकू नये, पाणवठ्यावर जाऊ नये. कारण काय, तर तुमचा आत्मा अजून त्या पायरीवर आलेला नाही. गुप्त ज्ञान म्हटले की दाराशी कोणीतरी राखणदार लागतो, आणि कोण आत येणार हे तोच ठरवतो. म्हणून महापरिनिब्बान सुत्तातील ती गोष्ट आपल्याला फार मोलाची आहे. आयुष्याच्या शेवटच्या आजारात तथागत आनंदाला सांगतात की, आतले आणि बाहेरचे असा भेद न करता मी धम्म शिकवला आहे. काही राखून ठेवणाऱ्या आचार्याची बंद मूठ माझ्याजवळ नाही. ऐंशी वर्षांचा, थकलेला शास्ता हे सांगतो आहे, आणि नंतर कोणी येऊन म्हणतो की मुठीत काहीतरी होते!

ही पायऱ्यांची कल्पना नुसती पुस्तकात राहिली असती तर मी एवढा वेळ घेतला नसता. थिऑसॉफीचे पहिले उद्दिष्ट वंश, धर्म, लिंग, जात, वर्ण यांचा भेद न मानणारे विश्वबंधुत्व हे होते. पण तिचे तत्त्वज्ञान सांगत होते की जीव जन्मामागून जन्म घेत वर चढतो, मानवजातीचे एकामागून एक सात मूळ वंश आहेत, सध्याचा पाचवा वंश आर्य, आणि काही आदिवासी समाज हे जुन्या मावळत्या वंशांचे अवशेष आहेत. उद्दिष्ट म्हणते सर्व भाऊ. तत्त्वज्ञान म्हणते भावांत कोणी वरच्या पायरीवर, कोणी खालच्या. अशा वेळी कोणते जिंकते ते पाहा. १९०७ मध्ये ऑल्कॉट वारला आणि ॲनी बेझंट अध्यक्ष झाल्या. १९०९ मध्ये ‘इंडियन रिव्ह्यू’ मासिकात त्यांनी अस्पृश्यांच्या उद्धारावर लेख लिहिला. या मुलांना शिक्षण द्यावे, पण स्वच्छ राहणीच्या मुलांशेजारी शाळेत बसवू नये, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या खाण्यापिण्याने त्यांची शरीरे तशी झाली आहेत आणि ती शुद्ध होण्यास काही पिढ्या लागतील, असा त्याचा मथितार्थ होता. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये काँग्रेस व गांधी यांच्यावरील आपल्या ग्रंथात त्या लेखातला मोठा उतारा जसाच्या तसा दिला आहे. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसलेल्या मुलाने मोठेपणी तो उतारा वाचला असेल, तेव्हा त्याला काय वाटले असेल?

ॲनी बेझंट या क्रूर बाई नव्हत्या. इंग्लंडात त्यांनी आगपेटीच्या कारखान्यातील मुलींच्या संपाला हात दिला होता, स्थानबद्धताही त्यांनी भोगली. म्हणूनच हे उदाहरण शिकण्यासारखे आहे. दयाळू माणूसही आत्म्यांच्या पायऱ्या मानू लागला की त्याला शेजारच्या लेकराचा वास येऊ लागतो. आणि म्हणूनच बाबासाहेबांनी कर्म आणि पुनर्जन्म या प्रश्नांवर एवढे कष्ट घेतले. पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दारिद्र्य आले असे मानले, तर राज्य आणि समाज आपली जबाबदारी झटकून मोकळे होतात, हा त्यांचा आक्षेप होता. आत्मा नाही, म्हणून आत्म्याच्या पायऱ्याही नाहीत. आज कोणी तुमच्या मुलीचे तेजोवलय पाहून ‘हिचे मागचे कर्म जड आहे’ असे सांगेल, तेव्हा त्याला शाळेची फी, रेशनचे दुकान आणि गावातला पाणवठा यांविषयी विचारा.

येथवर वाचून कोणी आई म्हणेल की, भाऊ, हे सगळे खरे, पण माझा कर्ता मुलगा गेला. तो कोठे आहे एवढेच मला कळू द्या. या प्रश्नापुढे तर्क थांबतो, हे मला ठाऊक आहे. गूढवादाकडे जाणारी बहुतेक माणसे ज्ञानाच्या लोभाने जात नाहीत, दुःखाने जातात. अमेरिकेत यादवी युद्धानंतर घरोघर मेलेल्यांचे आत्मे बोलावण्याच्या बैठका होत, त्या याच दुःखाने. ब्लॅव्हॅट्स्की न्यूयॉर्कात पुढे आली ती त्याच वातावरणात. आमच्याकडे हेच काम देवऋषी करतो. अंगात आणतो, मेलेल्याच्या आवाजात बोलतो, कोंबडे आणि पैसे घेतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने यातल्या पुष्कळ गोष्टी गुन्हा ठरवल्या. त्या कायद्यासाठी झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तोही त्याच साली, पुण्यात. पण कायदा देवऋषीला अडवतो, आईचे दुःख कमी करीत नाही.

मघाशी फ्योदोरॉव्हचे नाव राखून ठेवले होते. मॉस्कोच्या एका मोठ्या ग्रंथालयात तो काम करीत असे. एका खोलीत राहायचा, चहा-पावावर जगायचा, पगार गरीब विद्यार्थ्यांना वाटून टाकायचा. १९०३ मध्ये तो वारला. त्याचे म्हणणे असे की, मेलेले परत आले पाहिजेत, पण मंत्राने नव्हे. सर्व मानवजातीने भांडणे सोडून विज्ञानाच्या बळावर आपल्या बापजाद्यांना पुन्हा उठवावे, हेच लेकरांचे कर्तव्य. पुढे अंतराळयानाचे गणित मांडणारा त्सिओल्कोव्स्की तरुणपणी त्याच्या ग्रंथालयात वाचायला येत असे. विचार वेडा वाटतो. पण त्या वेडात एक थोर गोष्ट आहे. मेलेल्यांना विसरून जिवंतांनी मजेत राहावे हे त्याला सहन होत नव्हते. गूढवादातल्या या प्रेमाला हसू नये, असे मला वाटते.

तथागतांजवळही अशी आई आली होती. मेलेले मूल कडेवर घेऊन किसा गोतमी औषध मागू लागली, तेव्हा त्यांनी तिला आत्मा अमर आहे असे सांगितले नाही, मूल कोणत्या लोकी गेले तेही सांगितले नाही. तत्त्वज्ञानही सांगितले नाही! ज्या घरात कोणी मेलेले नाही त्या घरातून मूठभर मोहऱ्या आणायला धाडले. मोहऱ्या प्रत्येक घरात होत्या. ती दारोदार फिरली, प्रत्येक उंबऱ्यावर कोणीतरी आपल्या मेलेल्याची गोष्ट तिला सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत तिने मूल स्वतःच्या हातांनी खाली ठेवले. तेव्हा आपल्या वस्तीत असे दुःख झाले तर देवऋषीच्या आधी आपण त्या घरी पोहोचले पाहिजे, आणि पाच मिनिटे बसून चालणार नाही.

रशियाचे अजून एक नाते सांगितल्याखेरीज हा लेख पुरा होत नाही. धर्मानंद कोसंबी, गोव्यातील साखवाळ गावचे. घर सोडून बुद्धाच्या शोधात निघालेला हा तरुण १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पोहोचला आणि सुमंगल महास्थविरांजवळ पालि शिकला. तेच सुमंगल, ज्यांनी ऑल्कॉटचे पुस्तक तपासले होते आणि अयोतीदासांना पंचशील दिले होते. कोसंबींनी तेथून गुप्त काही आणले नाही. पालि आणली, ती पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकवली, आणि मूळ ग्रंथ वाचून सोप्या मराठीत बुद्ध लिहिला.

१९२९ मध्ये हेच कोसंबी लेनिनग्राडला गेले. तेथे फ्योदोर श्चेरबात्स्की नावाचे आचार्य होते. त्यांनी बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था १९२८ मध्ये उभी केली होती. १९१० मध्ये ते स्वतः भारतात येऊन पंडितांजवळ न्यायशास्त्र शिकून गेले होते. महात्म्यांच्या पत्रांऐवजी त्यांच्या टेबलावर धर्मकीर्तीचा ‘न्यायबिंदू’ असे, म्हणजे खरे ज्ञान कशाला म्हणावे आणि ते तपासावे कसे याचे शास्त्र. याच धर्मकीर्तीने जातीच्या गर्वाची गणना मूर्खपणाच्या खुणांत केली आहे. श्चेरबात्स्कींचा ‘बौद्ध तर्कशास्त्र’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९३० ते १९३२ या काळात लेनिनग्राडमध्ये छापला गेला. तोवर त्यांची संस्था सरकारने दुसऱ्या संस्थेत विलीन केली होती. १९३७ मध्ये त्यांचे शिष्य आंद्रेय वोस्त्रिकॉव्ह यांना गोळ्या घातल्या गेल्या, शहरातील बौद्ध विहाराचे लामा मारले गेले, आणि १९४२ मध्ये युद्धात शहर सोडून गेलेले वृद्ध श्चेरबात्स्की कझाकस्तानात वारले.

निकोलाय रोरिक हा रशियन चित्रकारही ब्लॅव्हॅट्स्कीच्याच वाटेने हिमालयात महात्मे शोधत आला, कुलू खोऱ्यात नग्गर येथे राहिला आणि १९४७ मध्ये तेथेच वारला. त्याच्या बायकोने ब्लॅव्हॅट्स्कीचा मोठा ग्रंथ रशियन भाषेत आणला. त्यांचा मुलगा युरी मात्र व्याकरण आणि कोश यांत रमला, तिबेटी भाषेचा पंडित झाला. १९५७ मध्ये तो रशियाला परतला आणि बंद पडलेली बौद्ध ग्रंथमाला त्याने पुन्हा सुरू केली. १९६० मध्ये तिच्यात पालिवरून केलेले धम्मपदाचे रशियन भाषांतर निघाले.